दुसऱ्या मजल्यावरची दहा मिनिटं

२ सप्टेंबर, मंगळवार

नव्या डॉक्टरीणबाईंनी मला गृहपाठ दिला आहे. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी! डोकं कधी दुखलं, तेव्हा मी काय करत होते, किती वेळ दुखलं, काय घेतलं, हे सगळं रोज लिहायचं आणि महिनाअखेरीला वही दाखवायची. तोवर अर्धशिशीच्या गोळ्या बंद.

जुन्या डॉक्टरांनी सव्वीस वर्षं मला त्या गोळ्या दिल्या, कधी एक प्रश्न विचारला नाही. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत माझ्या मुलीहून लहान अशी ही बाई येऊन बसली. म्हणते, "या गोळ्या डोक्यातल्या रक्तवाहिन्या आवळतात, तशा हृदयाच्याही आवळतात. तुमच्या वयात हृदय नीट तपासल्याशिवाय मी त्या देणार नाही. आणि तुम्हाला दुखण्याआधी डोळ्यांपुढे उजेड नाचतो ना? तशा लोकांनी तर हृदयाला आणि मेंदूला जास्तच जपायचं."

म्हटलं, बाई गं, माझं डोकं दुखतंय, हृदय नाही. तिने रक्तदाब घेतला आणि भुवया चढवल्या. मग छातीला वायरी चिकटवून ईसीजी काढला, तो अगदी छान आला. तर म्हणे, "हा झोपलेल्या माणसाचा ईसीजी आहे, आजी." आजी! आणि मी काय झोपून कोट बेतते?

घरी येताना मुलीने आणखी एक फर्मान काढलं. डॉक्टर काही वाईट बोलल्या तर दुकानाला कुलूप, असं आपलं ठरलंय म्हणाली. तिचं ठरलंय. मला कोणी विचारलं नाही.

म्हणून मी दोन वह्या सुरू केल्या आहेत. एक डॉक्टरीणबाईंसाठी, रेघा आखलेली, सोज्वळ. दुसरी ही, माझी. हिच्यात खरं लिहीन. गोळ्यांची जुनी चिठ्ठी पर्समध्ये आहे आणि कोपऱ्यावरचा औषधवाला मला चांगला ओळखतो. बघू कोण बंद करतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मोठं काम आलं! शहराच्या बँडचे अठरा कोट. गडद निळं लोकरी कापड, लाल कॉलर, दोन ओळींत पितळी बटणं. बँडला साठ वर्षं होतात, त्याचा कार्यक्रम १९ ऑक्टोबरला. बँडमास्तर स्वतः तीन जिने चढून दुकानात आले होते. धापा टाकत होते बिचारे. मी त्यांना पाणी दिलं आणि मनात म्हटलं, वय झालं यांचं.

मुलगी म्हणाली, "आई, अठरा कोट? तू आणि काका, दोघंच?"

दोघंच. मी बेतते आणि भाऊजी शिवतात. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, वय पासष्ट, सदा मूग गिळून बसलेले. आमचे हे गेल्यापासून दुकान आम्हा दोघांवर आहे. मी खडूने आखून, कातर चालवून पुढे सरकवायचं आणि त्यांनी मशीनला बसायचं. माझं बेतणं कधी चुकत नाही, त्यामुळे बोलायचं कारणच पडत नाही. दिवसाकाठी आमचं जे बोलणं होतं ते चहाबद्दल.

९ सप्टेंबर, मंगळवार

दुकानात चढताना डोकं उठलं. नेहमीसारखं नाही. डोळ्यांपुढे उजेड नाही, दातेरी रेघा नाहीत, मळमळ नाही. मानेतून वर टाळूपर्यंत कोणी दोरा ओढून घेतंय असं वाटलं. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापाशी एक बाक आहे, तिथे बसले. गोळी घेतली. दहा मिनिटांत गेली.

दहा मिनिटांत! पूर्वी या गोळीला चांगला तास लागायचा. वय वाढलं तसं औषध लवकर लागू पडायला लागलंय, हे डॉक्टरीणबाईंना कोणी शिकवलं नसणार.

जबडा मात्र संध्याकाळपर्यंत ठणकत होता. दिवसभर तोंडात टाचण्या धरल्या की असं होतं. मुलगी कधीची ओरडतेय की टाचण्या उशीला टोचत जा. तोंडात धरल्या की निदान नको ते बोलणं तरी टळतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काल खरी अर्धशिशी आली. मी तिसऱ्या कोटाची पाठ आखत होते आणि खडूची रेघ मधेच नाहीशी झाली. मग डाव्या बाजूने तो लखलखता दातेरी उजेड सरकत आला. भाऊजींनी न सांगता पडदे ओढले, कापडाच्या गठ्ठ्यांवर चादर टाकली. मी पडले. ओकले. संध्याकाळी सहाला माणसात आले.

गोळी घेतली होती. त्यानंतर अर्धा तास छातीवर कोणी कोटाचं बटण जबरदस्तीने लावतंय असं वाटत होतं. उलटी करून करून बरगड्या दुखावल्या असणार.

सोज्वळ वहीत लिहिलं: "डोकेदुखी, सौम्य. विश्रांती घेतली." सौम्य हा शब्द फार छान दिसला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

कापडाचा तागा घेऊन चढले. भाऊजी म्हणत होते मी आणतो. त्यांच्या गुडघ्याचं काय झालंय ते मला माहीत आहे. पहिल्या मजल्यावरच डोकं धरलं, दुसऱ्यावर बाकावर बसले. गोळी. दहा मिनिटांत गेली.

डावा हात आखडतोय. कापड दाबून धरायचा हात तो, आखडणारच.

१८ सप्टेंबर

चढताना डोकं. बसले. गोळी. दहा मिनिटांत गेली.

१९ सप्टेंबर

कालच्यासारखंच. या जिन्याच्या पायऱ्या यंदा उंच झाल्या आहेत की काय!

सहा कोट बेतून झाले. मी अजून कोणालाही या कातरीला हात लावू देणार नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज माझी फजिती झाली. लिहायचं नव्हतं, पण खरं लिहायचं असं मीच ठरवलंय.

बँडमास्तर पहिला कोट घालून बघायला आले. त्यांचं माप माझ्या मापवहीत आहे, अकरा वर्षांपूर्वीचं. जुन्या गिऱ्हाइकाचं माप मी पुन्हा घेत नाही. हा माझा रिवाज. माणूस दारातून आत आला की नजरेने कळतं मला, पोटाला दोन बोटं वाढवायची की तीन. गिऱ्हाइकांनाही ते आवडतं. आपल्याला कोणी लक्षात ठेवलंय असं वाटतं त्यांना.

त्यांनी कोट चढवला. खांद्याची शिवण दंडावर उतरली. बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या. आरशात ते स्वतःकडे बघत राहिले. उंच, रुंद खांद्यांचा माणूस होता हा. कधी एवढासा झाला? मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कोट उत्तम आहे, बाई. मीच जरा कमी पडतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते गेल्यावर भाऊजींनी चहा पुढे केला आणि म्हणाले, "वहिनी, माप जुनं होतं."

"माहीत आहे मला."

"मग घेतलं का नाही?"

चाळीस वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न असेल. मी म्हटलं, "कारण मी माणसं ओळखते." त्यावर ते ब्लेड घेऊन खांदा उसवायला बसले.

२५ सप्टेंबर, गुरुवार

चढताना. बसले. गोळी. दहा मिनिटांत गेली. बसल्या बसल्या खालून वर येणारी माणसं बघते. कोणी विचारलं तर सांगते, दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांची वाट बघतेय. वकील बाहेर येऊन म्हणाले, "माझ्याकडे काम होतं का?" म्हटलं, "छे, तुमचा जिना आवडतो."

दहा कोट झाले. अकरावा टेबलावर आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार

आज लबाडी पकडली गेली. बाकावर बसले होते तेव्हा भाऊजी वरून खाली आले. बहुधा मी वेळेवर पोचले नाही म्हणून बघायला. मी घामाघूम झाले होते. आरसा नव्हता, पण त्यांच्या तोंडावरून माझं तोंड कसं दिसत असेल ते कळलं. ते माझ्याशेजारी बसले. एक गोळी घेतली होती, दुसरी काढली तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. ओढला नाही, नुसता ठेवला. मी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्यांनी हात काढून घेतला. मी गोळी घेतली.

या खेपेला दहा मिनिटं पुरली नाहीत. पंचवीस लागली.

"वहिनी, घरी सांगायला हवं."

"मुलीला एक अक्षर सांगितलंत तर याद राखा. तिला निमित्तच हवंय. कुलूप घेऊनच फिरतेय ती."

"तिला नाही सांगणार," म्हणाले.

ते शब्दाचे पक्के आहेत. उद्या डॉक्टरीणबाईंना सोज्वळ वही दाखवायची. महिन्यात चार वेळा डोकेदुखी, चारही सौम्य. मग सुटले मी. अकरावा कोट आज बेतून टाकला आणि एक रेघ वाकडी गेली नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ही वही आज परत मिळाली. चोराने स्वतः आणून दिली. मी दवाखान्यातल्या खाटेवर बसून लिहितेय, उजव्या मनगटाला पट्टी आहे, अक्षर घाणेरडं येतंय. येऊ दे.

मंगळवारी मी मुलीबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेले. सोज्वळ वही दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली, मिटली, आणि टेबलाच्या खणातून ही वही काढली. माझी! कागदी नमुन्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवलेली! सकाळी मी दुकानाकडे न जाता सरळ तिकडे गेले होते, तेवढ्या वेळात भाऊजींनी डाव साधला होता.

"'बसले, गोळी, दहा मिनिटांत गेली,' असं पाच वेळा लिहिलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. "सहाव्यांदा पंचवीस."

"गोळी लागू पडली म्हणून."

"ती गोळी दहा मिनिटांत लागू पडत नाही, आजी. तुम्ही बसलात म्हणून दुखणं गेलं. चढलं की येतं, बसलं की जातं. जबडा धरतो, हात आखडतो, घाम येतो. काही माणसांचं हृदय छातीत दुखतच नाही, डोक्यात दुखतं. क्वचित असतं, पण असतं. अकरा तारखेची तुमची मायग्रेन. जिन्यातली तुमची मायग्रेन नाहीच. आणि त्या दुखण्यावर तुम्ही रक्तवाहिन्या आवळणारी गोळी घेत होतात. सोमवारी तर दोन."

मुलगी माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं.

मी तोंड उघडलं होतं भांडायला. पण मला आरशापुढचे बँडमास्तर आठवले, बोटांपर्यंत आलेल्या बाह्या. मीही सव्वीस वर्षांपूर्वीच्या मापावर गोळ्या घेत होते. माझं माप बदललंय हे मला कोणी सांगितलं नाही असं म्हणायला जागा नव्हती. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्याच दुपारी मला चालत्या पट्ट्यावर चालवलं. चौथ्या मिनिटाला मानेतून दोरा ओढला गेला आणि पडद्यावरच्या ईसीजीच्या रेघा खाली बसल्या. त्यांनी यंत्र थांबवलं. मी म्हटलं, अजून चालते. कोणी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मनगटातून नळी घालून बघितलं तर हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद. तिथे जाळीची बारीक नळी बसवली. आधी संमतीचा कागद आला तेव्हा मुलीने पेन उचललं. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. कातर त्यांची असेल, कापड माझं आहे. सही मीच केली, लांबलचक.

तर आज चोर आला. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे परत दिलेली वही पायाशी ठेवली आणि उभाच राहिला.

"वही चोरलीत."

"हो."

"वाचलीत."

"डोक्याची पानं तेवढी. बाकीची नाही."

"मुलीला सांगणार नाही म्हणाला होतात!"

"तिला नाही सांगितलं. डॉक्टरांना सांगितलं."

अशा माणसाशी भांडायचं कसं? मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं, जा. ते गेले. मला त्यांचा फार राग आलाय. तो अजून उतरलेला नाही आणि मी उतरवणारही नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

घरी आले. मुलीने कुलपाचा विषय काढला. काढणार होतीच. सात कोट उरलेत, बँडवाल्यांना सांगून टाकू, दुसरा शिंपी बघतील, असं सगळं तिने ठरवून ठेवलं होतं.

मी डॉक्टरीणबाईंचं म्हणणं तिच्यासमोर ठेवलं. मी निघताना त्यांना स्पष्ट विचारून आले होते. त्या म्हणाल्या, दोन आठवडे जिने चढायचे नाहीत, जड उचलायचं नाही, दिलेली औषधं चुकवायची नाहीत. बसून हात चालवायला हरकत नाही, दमायच्या आत थांबायचं.

"बसून," मुलगी म्हणाली. "आणि दुकान तिसऱ्या मजल्यावर."

"तुझं जेवणाचं टेबल तळमजल्यावर आहे."

ती वळून टेबलाकडे बघायला लागली. मी म्हटलं, "हे बघ. मी खोटं बोलले, त्याबद्दल तू मला जन्मभर बोल. बोलण्यासारखंच केलंय मी. पण मला घाबरवून खाटेवर बसवशील तर मी त्या खाटेवरच मरेन, आणि त्याला डॉक्टरांकडे नळी नाही." माझा आवाज चढला. तिचाही चढला. मग ती रडली, मीही रडले. तास गेला त्यात. शेवटी तिने टेबलावरची फुलदाणी उचलली आणि कपाटावर ठेवली.

"जेवायचं कुठे आपण?"

"मांडीवर ताटं घेऊन."

८ ऑक्टोबर, बुधवार

भाऊजींना निरोप धाडला की कापड, खडू, पट्टी आणि माझी कातर पाठवून द्या. ते स्वतःच घेऊन आले. मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. बँडच्या अठराही जणांची ताजी मापं. मी दवाखान्यात होते तेव्हा हे गृहस्थ टेप घेऊन सरावाच्या खोलीत गेले आणि एकेकाला उभं करून मापं घेऊन आले. चाळीस वर्षांत ज्यांनी टेप हातात धरली नाही ते.

तिघांचं छातीचं माप घ्यायचं विसरलेत. तसं मी त्यांना सांगितलं. म्हणजे बोलावं लागलंच.

मापवहीतल्या मापांवर बेतलेले आणखी चार कोट उसवावे लागणार.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज ती आली, माझी जुनी. सकाळी साडेदहाला डाव्या बाजूने उजेड, दातेरी, लखलखीत. मुलगी शाळेत शिकवायला गेली होती. क्षणभर हात पर्सकडे गेला. पर्समध्ये आता काही नाही. डॉक्टरीणबाईंनी दिलेली साधी गोळी घेतली, ती म्हणजे दगडावर पाणी. हृदयाला चालतील अशी दुसरी औषधं आहेत, पण ती एकेक करून बघायला महिने जातील म्हणतात.

पडून राहिले. फार दुखलं. सव्वीस वर्षांत एवढं उघडंवाघडं कधी दुखलं नव्हतं. भीतीही वाटली, ही तीच ना, की दुसरी? मग नीट पाहिलं. उजेड होता, मळमळ होती, अर्ध्याच डोक्यात घाव होते. जबडा मोकळा होता. हात मोकळा होता. तीच. म्हटलं, दुख काय दुखायचंय ते. मला दुपारी काम आहे.

भाऊजींनी मशीनही आता इथेच आणून मांडलंय; पडद्याआडून त्याचा आवाज यायचा तो बंद झाला होता. नंतर कळलं की ते पाच तास बाहेरच्या खोलीत काहीही न करता बसून होते, आवाज होऊ नये म्हणून. चारला मी उठले. तोंड धुतलं. सोळावा कोट बेतला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

अठराही कोट झाले. उसवून पुन्हा शिवलेला पहिला कोट बँडमास्तरांनी आज सकाळी घालून पाहिला. खांदा खांद्यावर बसला. ते पाठ ताठ करून उभे राहिले. उद्या कार्यक्रम. मुलगी म्हणते आपण पहिल्या रांगेत बसायचं. मी म्हटलं, शेवटच्या. कोट लांबून कसे दिसतात ते बघायचंय.

कुलपाचं अजून मिटलेलं नाही. तिला तळमजल्यावर जागा बघायची आहे. मला वरचं टेबल हवंय. तिन्ही मजले मी चढणार आहे, डॉक्टरीणबाई म्हणतील त्या दिवशी, म्हणतील तितक्याच सावकाश, आणि डोकं उठलं तर त्याच मिनिटाला त्यांना फोन करणार आहे. हे लिहून ठेवतेय म्हणजे मला नंतर फिरवता येणार नाही.

भाऊजी, ही वही आज मी टेबलावर उघडीच ठेवून झोपायला जाणार आहे. वाचाल हे मला माहीत आहे, एकदा चटक लागली की सुटत नाही. या वेळी सगळी पानं वाचा. तुम्ही जे केलंत ते फार वाईट केलंत. मी तुम्हाला क्षमा केलेली नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा चोरा. मी भांडेनच, तिकडे लक्ष देऊ नका.